डिजिटल कॅमेऱ्याची निवड व संचालन प्रणाली

डिजिटल कॅमेरा हे प्रकाशाचे विद्युत संकेतांत आणि त्या संकेतांचे अंकांत रूपांतर करून छायाचित्र फाईलच्या स्वरूपात साठवणारे उपकरण होय. फिल्मच्या कॅमेऱ्यातील निगेटिव्ह उजेडासमोर धरली, तरी तिच्यावरील चित्र डोळ्यांना दिसते. डिजिटल छायाचित्राचे तसे नसते. ते पाहण्यासाठी साठवणीचे माध्यम वाचणारे यंत्र, फाईलचा प्रकार ओळखणारी आज्ञावली आणि या दोहोंना चालवणारी संचालन प्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, अशी साखळी अखंड असावी लागते. त्यामुळे कॅमेरा निवडताना त्याची लेन्स व संवेदक यांइतकाच त्याच्या फाईली कोणत्या संगणकावर आणि किती वर्षे उघडतील याचाही विचार करावा लागतो.

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील नातेपुते यासारख्या गावांत वारी, यात्रा, लग्नसमारंभ आणि शेतीच्या नोंदी अशा परस्परांहून भिन्न कामांसाठी कॅमेरा वापरला जातो. निवडीचे बहुतेक निकष या कामांच्या आधारे स्पष्ट करता येतात.

इतिहास

विलार्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सीसीडी या प्रकाशसंवेदी अर्धवाहक घटकाची कल्पना मांडली. या कार्यासाठी त्यांना २००९ सालच्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा वाटा मिळाला. ईस्टमन कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे चित्र १०० × १०० बिंदूंचे, म्हणजे ०.०१ मेगापिक्सेलचे होते आणि ते कॅसेटच्या फितीवर नोंदवण्यास २३ सेकंद लागत. १९९१ साली कोडॅकने निकॉनच्या एफ३ या फिल्म कॅमेऱ्यावर आधारित १.३ मेगापिक्सेलचा डिजिटल कॅमेरा विक्रीस आणला. निकॉनचा डी१ (१९९९) वृत्तछायाचित्रकारांत रूढ झाला, तर कॅननच्या ईओएस ३००डी (२००३) या कॅमेऱ्याने डिजिटल एसएलआरची किंमत अमेरिकेत प्रथमच एक हजार डॉलरच्या खाली आणली.

२००८ साली पॅनासॉनिकने आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा जी१ हा कॅमेरा आणला. असे मिररलेस कॅमेरे पुढील दशकात एसएलआरला पर्याय ठरले. याच काळात मोबाईल फोनमधील कॅमेरा सुधारत गेल्याने लहान आकाराच्या साध्या डिजिटल कॅमेऱ्यांची मागणी घटली. फिल्मच्या व्यवसायावर उभ्या असलेल्या कोडॅक कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

महाराष्ट्रात डिजिटल छायाचित्रणाचा प्रसार आणि घरगुती संगणकाचा प्रसार साधारणपणे बरोबरीनेच झाला. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमामुळे तालुक्याच्या व मोठ्या गावांच्या ठिकाणी संगणक केंद्रे उभी राहिली. फाईल, फोल्डर, नक्कल करणे व चिकटवणे या संकल्पना अनेकांना तेथेच प्रथम परिचित झाल्या.

निवडीचे निकष

संवेदक

संवेदक अर्थात सेन्सर हा कॅमेऱ्यातील फिल्मच्या जागी असलेला भाग होय. त्याचे आकारमान जेवढे मोठे, तेवढा अधिक प्रकाश एकूण गोळा होतो आणि अंधुक उजेडातील चित्रात दाणेदारपणा कमी राहतो. फुल फ्रेम संवेदक ३६ × २४ मिलिमीटरचा, एपीएस-सी प्रकारचा सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरचा, तर साध्या खिशातील कॅमेऱ्यांचा बहुधा सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो. फुल फ्रेम संवेदकाचे क्षेत्रफळ या शेवटच्या प्रकाराच्या जवळजवळ तीसपट असते. जाहिरातीत मेगापिक्सेलचा आकडा ठळक छापला जात असला, तरी चित्राच्या गुणवत्तेवर संवेदकाचे आकारमान व लेन्स यांचा प्रभाव अधिक असतो.

मेगापिक्सेल

आवश्यक मेगापिक्सेलची संख्या छपाईच्या आकारावरून काढता येते. उत्तम छपाईसाठी प्रत्येक इंचात ३०० बिंदू धरले, तर ६ × ४ इंचाच्या छायाचित्रास १८०० × १२०० म्हणजे सुमारे २.२ मेगापिक्सेल पुरतात. १२ × ८ इंचाच्या छपाईस ३६०० × २४०० म्हणजे सुमारे ८.६ मेगापिक्सेल लागतात. चौकात लावला जाणारा मोठा फ्लेक्स दुरून पाहिला जात असल्याने त्याच्या छपाईला प्रत्येक इंचात याहून बरेच कमी बिंदू चालतात. चित्राचा काही भाग कापून मोठा करायचा असल्यास मात्र जादा मेगापिक्सेल उपयोगी पडतात. मेगापिक्सेल वाढले की फाईलचा आकार वाढतो आणि त्या प्रमाणात मेमरी कार्ड, हार्ड डिस्क व संगणकाची गती यांवरील भार वाढतो.

लेन्स

लेन्सचे केंद्रांतर मिलिमीटरमध्ये सांगतात. कमी केंद्रांतराची लेन्स विस्तृत दृश्य टिपते, तर जास्त केंद्रांतराची लेन्स दूरचे दृश्य जवळ आणते. एपीएस-सी संवेदकावर दृश्य सुमारे दीडपट अरुंद होते. त्यामुळे त्यावर २०० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरील ३०० मिलिमीटरच्या लेन्सइतके दृश्य दाखवते. कॅमेऱ्यावरील डिजिटल झूम हा लेन्सचा गुण नसून चित्राचा मधला भाग कापून मोठा करण्याची क्रिया होय. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याची निवड ही त्या कंपनीच्या माउंटची, म्हणजे लेन्स बसवण्याच्या विशिष्ट रचनेची निवड असते. कॅमेऱ्याचा मुख्य भाग काही वर्षांनी बदलला जातो, लेन्स मात्र दीर्घकाळ टिकतात. त्यामुळे एकूण खर्चातील मोठा वाटा कालांतराने लेन्सचा होतो.

शटरची गती व संवेदनक्षमता

शटर जेवढा अल्पकाळ उघडे राहते, तेवढी हालचाल स्पष्ट टिपली जाते. शटरचा काळ निम्मा केला की प्रकाशही निम्मा होतो. त्याची भरपाई ॲपर्चर मोठे करून किंवा आयएसओ ही संवेदनक्षमता वाढवून करावी लागते. आयएसओ वाढवल्यास चित्रात दाणे दिसू लागतात. कोणत्याही कॅमेऱ्याची खरी परीक्षा या तीन गोष्टींचा मेळ अवघड प्रकाशात कसा बसतो यावरून होते.

नातेपुते परिसरातील उदाहरणे

पालखी सोहळा व रिंगण

संत ज्ञानेश्वर महाराजांचा पालखी सोहळा आळंदीहून पंढरपूरला जाताना धर्मपुरी येथे सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करतो आणि नातेपुते येथे मुक्काम करतो. नातेपुते ते माळशिरस या टप्प्यात सदाशिवनगरजवळ पुरंदावडे येथे सोहळ्यातील पहिले गोल रिंगण होते. वारकऱ्यांनी धरलेल्या वर्तुळात कर्नाटकातील अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व धावतात. त्यांपैकी एकावर स्वार असतो, तर दुसरा माऊलींचा अश्व म्हणून रिकाम्या पाठीने धावतो.

ताशी ३६ किलोमीटर वेगाने धावणारा घोडा एका सेकंदात १० मीटर अंतर कापतो. शटरचा काळ १/१२५ सेकंद असेल, तर तेवढ्यात घोडा ८ सेंटिमीटर पुढे सरकतो आणि चित्रात अस्पष्ट दिसतो. १/१००० सेकंदात तो केवळ एक सेंटिमीटर सरकतो. मात्र या बदलामुळे प्रकाश आठपट कमी होतो. ही भरपाई केवळ संवेदनक्षमतेतून करायची झाल्यास आयएसओ २०० वरून १६०० वर न्यावा लागतो. वारीच्या दिवसांत ज्येष्ठ-आषाढातील आभाळ भरलेले असल्यास तो आणखी वाढवावा लागतो. त्यामुळे अशा प्रसंगी लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यापेक्षा एपीएस-सी किंवा त्याहून मोठ्या संवेदकाचा कॅमेरा, ७० ते ३०० मिलिमीटरच्या टप्प्यातील लेन्स आणि हलत्या वस्तूवर नजर ठेवणारी स्वयंचलित फोकस यंत्रणा उपयुक्त ठरते.

एका दमात अनेक छायाचित्रे टिपताना ती प्रथम कॅमेऱ्यातील तात्पुरत्या स्मृतीत व नंतर कार्डावर जातात. कार्ड मंद असेल तर ऐन वेळी कॅमेरा थांबतो. कार्डावरील यू१ ही खूण सेकंदाला किमान १० मेगाबाइट, तर यू३ किंवा व्ही३० ही खूण किमान ३० मेगाबाइट लेखनगती दर्शवते. धूळ, गर्दी व अचानक येणारा पाऊस यांमुळे रिंगणाच्या जागी लेन्स बदलणे टाळले जाते. उघड्या कॅमेऱ्यात गेलेली धूळ संवेदकावर बसून पुढील प्रत्येक चित्रात डागाच्या रूपाने दिसते. पावसाळ्यातील दमट हवेमुळे लेन्सच्या आत बुरशी धरू शकते. त्यासाठी कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतात.

वारीच्या छायाचित्रणात भिन्न दृष्टी दिसून येतात. संदेश भंडारे यांच्या ‘वारी : एक आनंदयात्रा’ या पुस्तकातील छायाचित्रे वारकऱ्यांच्या सोबत राहून टिपलेली आहेत, तर उद्धव ठाकरे यांच्या ‘पहावा विठ्ठल’ या पुस्तकात वारीची हवाई छायाचित्रे आहेत. पहिल्या प्रकारच्या कामास लहान, हलका व आवाज न करणारा कॅमेरा सोयीचा असतो. दुसऱ्या प्रकारास लांब पल्ल्याची लेन्स आणि जलद शटर यांची गरज असते.

शिखर शिंगणापूरची यात्रा

नातेपुत्यापासून जवळच, सातारा जिल्ह्यातील शिखर शिंगणापूर येथे चैत्रात शंभू महादेवाची यात्रा भरते. भाविक कावडी घेऊन अवघड अशा मुंगी घाटाने वर चढतात. दिवस मावळताना अशी चढण टिपण्यासाठी मोठे ॲपर्चर असलेली लेन्स, म्हणजे एफ/१.८ किंवा एफ/२.८ यासारखा लहान आकडा असलेली लेन्स उपयोगी पडते. कॅमेऱ्यातील किंवा लेन्समधील स्थिरीकरणाची सोय हाताचा कंप भरून काढते. चालणाऱ्या माणसांची हालचाल मात्र तिने थांबत नाही.

लग्नसमारंभ

लग्नाच्या छायाचित्रणात एकच क्षण पुन्हा टिपता येत नाही. त्यामुळे व्यावसायिक छायाचित्रकार एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद करणारे कॅमेरे पसंत करतात. २,००० रॉ फाईली प्रत्येकी २५ मेगाबाइटच्या धरल्या, तरी एका लग्नास ५० गिगाबाइट जागा लागते. एका हंगामात अशी २० लग्ने असतील, तर एक टेराबाइट जागा केवळ पहिल्या प्रतीसाठी लागते. हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत दिसत नाही.

शेतीच्या नोंदी

महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू केली. तीत शेतकरी मोबाईल ॲपद्वारे पिकाचे छायाचित्र व ठिकाण नोंदवतो. या कामासाठी महागडा कॅमेरा निरुपयोगी असतो. येथे फोनमधील जीपीएस, बॅटरी आणि अँड्रॉइडची चालू आवृत्ती महत्त्वाची असते. ॲपच्या नव्या आवृत्त्यांना फोनची जुनी संचालन प्रणाली अपुरी पडू लागली, की कॅमेरा चांगला असूनही नोंद करता येत नाही.

छायाचित्रांच्या फाईलींचे प्रकार

जेपेग : १९९२ साली प्रमाणित झालेला हा प्रकार जवळजवळ सर्व संगणकांवर व फोनवर उघडतो. डोळ्यास न जाणवणारा तपशील वगळून तो फाईल लहान करतो. तीच फाईल वारंवार संपादित करून साठवली, तर चित्र खालावत जाते.

रॉ : संवेदकाने नोंदवलेली मूळ माहिती या प्रकारात राहते. चुकलेला प्रकाश किंवा रंग नंतर सुधारता येतो. मात्र प्रत्येक कंपनीचा रॉ प्रकार वेगळा असतो आणि नव्या मॉडेलची फाईल जुन्या आज्ञावलीत उघडत नाही. कॅननने २०१८ साली सीआर२ ऐवजी सीआर३ हा प्रकार आणल्यावर जुनी संपादन साधने वापरणाऱ्यांना नव्या आवृत्त्या घ्याव्या लागल्या.

डीएनजी : अडोबी कंपनीने २००४ साली मांडलेला व खुला ठेवलेला रॉ प्रकार. काही कॅमेरे व फोन थेट या प्रकारात नोंद करतात. इतर रॉ फाईली त्यात रूपांतरित करता येतात.

एचईआयसी : ॲपलने २०१७ साली आयफोनमध्ये वापरात आणलेला प्रकार. तो जेपेगपेक्षा कमी जागा घेतो, मात्र जुन्या विंडोजवर उघडत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जेपेगचा पर्याय निवडता येतो.

प्रत्येक फाईलमध्ये एक्झिफ नावाची नोंद असते. तीत दिनांक, वेळ, शटरची गती, ॲपर्चर आणि काही उपकरणांत ठिकाणही असते. कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असेल, तर सर्व छायाचित्रांचा क्रम बिघडतो. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेले चित्र लहान केले जाते व त्यातील ही नोंद निघून जाते. मूळ फाईल हवी असल्यास ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी लागते.

कॅमेरा व संगणक यांची जोडणी

कॅमेऱ्यातील फाईली डीसीआयएम नावाच्या फोल्डरमध्ये असतात. फाईलच्या नावातील चार अंकी क्रमांक ०००१ ते ९९९९ पर्यंत जातो आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होतो. त्यामुळे वेगवेगळ्या दिवसांच्या फाईली एकाच फोल्डरमध्ये उतरवल्यास सारख्या नावाच्या फाईलवर दुसरी फाईल लिहिली जाण्याचा धोका असतो. दिनांकवार फोल्डर करणे हा त्यावरील साधा उपाय होय.

विंडोज ९८ या प्रणालीत अनेक यूएसबी उपकरणांसाठी कंपनीने दिलेला ड्रायव्हर सीडीवरून टाकावा लागे. विंडोज एक्सपीमध्ये (२००१) पीटीपी या प्रमाणित पद्धतीस आधार मिळाल्याने बहुतेक कॅमेरे थेट ओळखले जाऊ लागले. कार्ड रीडरचा उपयोग केल्यास कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरचा प्रश्नच उरत नाही आणि कॅमेऱ्याची बॅटरीही वाचते.

कार्डाच्या क्षमतेनुसार त्यावरील फाईल व्यवस्था बदलते. एसडीएचसी कार्डे ३२ गिगाबाइटपर्यंतची असून त्यांत फॅट३२ असते. तीत एक फाईल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून लांब चित्रीकरणाचे तुकडे पडतात. त्याहून मोठ्या एसडीएक्ससी कार्डांत एक्सफॅट असते. विंडोज एक्सपीला ती वाचण्यासाठी स्वतंत्र अद्यतन लागे. लिनक्सच्या मूळ गाभ्यात एक्सफॅटचा आधार २०१९ साली ५.४ या आवृत्तीत आला. जुन्या संगणकाने नवे कार्ड ‘फॉरमॅट’ करण्याची सूचना दाखवली, तर बहुधा कार्ड बिघडलेले नसून संगणकास ते वाचता येत नसते. अशा वेळी फॉरमॅटला होकार दिल्यास छायाचित्रे गमावण्याची शक्यता असते.

संचालन प्रणालीतील बदल

मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीस ठरावीक काळच सुरक्षा दुरुस्त्या पुरवल्या. प्रमुख तारखा पुढीलप्रमाणे आहेत.

विंडोज एक्सपी : २००१ मध्ये प्रसिद्ध, ८ एप्रिल २०१४ रोजी आधार समाप्त.
विंडोज ७ : २००९ मध्ये प्रसिद्ध, १४ जानेवारी २०२० रोजी आधार समाप्त.
विंडोज १० : २०१५ मध्ये प्रसिद्ध, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वसाधारण आधार समाप्त.
विंडोज ११ : ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसिद्ध.

आधार संपल्यावर संगणक बंद पडत नाही. नव्याने आढळलेल्या त्रुटी दुरुस्त होत नाहीत, म्हणून इंटरनेटला जोडलेला असा संगणक असुरक्षित होतो. विंडोज ११ साठी ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ गिगाबाइट रॅम, ६४ गिगाबाइट साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. त्यामुळे चालू स्थितीतील अनेक संगणक नव्या प्रणालीस अपात्र ठरतात.

उपकरणांचे ड्रायव्हर

३२-बिट प्रणालीसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४-बिट प्रणालीत चालत नाही. एक्सपीवरून ६४-बिट विंडोज ७ कडे जाताना जुने स्कॅनर व फोटो प्रिंटर याच कारणाने निकामी झाल्यासारखे वाटले. उपकरण सुस्थितीत असते, परंतु कंपनीने नवा ड्रायव्हर काढलेला नसतो. ॲपलच्या मॅकओएस कॅटलिना (२०१९) या आवृत्तीने ३२-बिट आज्ञावली चालवणे बंद केले, तेव्हाही असाच प्रश्न उद्भवला. छायाचित्रालयात जुना प्रिंटर टिकवायचा असल्यास जुना संगणक इंटरनेटपासून तोडून केवळ छपाईसाठी ठेवण्याची पद्धत आहे.

दृश्य रचनेतील बदल

विंडोज ८ (२०१२) मधून ‘स्टार्ट’ बटण काढण्यात आले आणि पुढील वर्षी ८.१ मध्ये ते परत आणण्यात आले. कोणते बटण कोठे आहे एवढेच पाठ केलेल्या वापरकर्त्यास असा बदल अवघड जातो. फाईल म्हणजे काय, ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे, नक्कल करणे व हलवणे यांत काय फरक आहे, हे समजलेल्या वापरकर्त्यास कोणत्याही प्रणालीत मार्ग काढता येतो.

विंडोजमध्ये फाईलच्या नावातील विस्तार सहसा लपवलेला असतो. एकाच चित्राची जेपेग व रॉ अशी दोन्ही रूपे नोंदवली असल्यास एकाच नावाच्या दोन फाईली दिसतात आणि त्यांतील एक अनावश्यक समजून काढून टाकली जाते. विस्तार दिसण्याची सोय सुरू करणे हे नव्या संगणकावरील पहिल्या कामांपैकी एक मानले जाते.

मेघसाठवण

विंडोज १० व ११ मध्ये ‘पिक्चर्स’ हे फोल्डर वनड्राइव्हला जोडले जाऊ शकते. तेथील मोफत मर्यादा ५ गिगाबाइटची असल्याने कॅमेऱ्याच्या फाईलींनी ती लगेच भरते. अशा जोडणीत एका ठिकाणी काढून टाकलेली फाईल दुसऱ्या ठिकाणाहूनही जाते, म्हणून तिला स्वतंत्र प्रत समजता येत नाही. गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली. त्यापूर्वी २०१६ साली गूगलने पिकासा ही लोकप्रिय आज्ञावली बंद केली होती. पिकासातील अल्बमची माहिती त्याच्या स्वतःच्या नोंदींत असल्याने छायाचित्रे राहिली, तरी मांडणी दुसऱ्या आज्ञावलीत आपोआप आली नाही.

मुक्त प्रणालींचा पर्याय

विंडोज ११ ला अपात्र ठरलेल्या संगणकावर लिनक्सवर आधारित प्रणाली वापरता येते. सी-डॅकने विकसित केलेली बॉस ही अशी भारतीय प्रणाली असून तीत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. छायाचित्रांच्या वर्गवारीसाठी डिजिकॅम आणि रॉ फाईलींसाठी डार्कटेबल व रॉथेरपी या मुक्त आज्ञावली उपलब्ध आहेत. स्थलांतरापूर्वी प्रिंटर व नेहमीची आज्ञावली नव्या प्रणालीत चालते का, हे तपासणे आवश्यक असते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरते चालवून ही तपासणी मूळ प्रणालीस धक्का न लावता करता येते.

मराठी मजकुराचा प्रश्न

छायाचित्रांची नावे, अल्बमचे मथळे आणि फ्लेक्सवरील मजकूर मराठीत असल्याने महाराष्ट्रातील छायाचित्रालयांना संचालन प्रणालीच्या बदलात आणखी एक अडचण येते. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या आज्ञावलींच्या जुन्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसवलेले होते. तो फाँट नसलेल्या संगणकावर हा मजकूर निरर्थक रोमन अक्षरांच्या रूपात दिसतो. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्यासाठी परिवर्तक वापरावा लागतो.

युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. विंडोज २००० मध्ये मंगल या फाँटसह तिची सोय झाली. विंडोज एक्सपीत ती नियंत्रण पटलातून मुद्दाम सुरू करावी लागे, तर व्हिस्टापासून ती मुळातच उपलब्ध झाली. चित्रसंपादनाच्या जुन्या आज्ञावलींत मात्र युनिकोड जोडाक्षरे तुटत असल्याने अनेक ठिकाणी जुने फाँट पुढेही वापरात राहिले.

युनिकोडमध्येही मराठीच्या काही लेखनरूपांत दुहेरीपणा आहे. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ साली ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वी ‘अ’वर चंद्र जोडून ते लिहीत. ‘कॅमेऱ्या’मधील रफाराचे मराठी रूपही दोन प्रकारे टंकित करता येते. पडद्यावर सारखी दिसणारी अशी दोन नावे संगणक वेगळी मानू शकतो, त्यामुळे शोध घेताना फाईल सापडत नाही. यावर उपाय म्हणून फोल्डरच्या नावात आरंभी वर्ष, महिना व दिवस अंकांत लिहून त्यापुढे मराठी नाव देण्याची पद्धत सोयीची ठरते. नाव शोधता आले नाही, तरी दिनांकावरून फोल्डर मिळते.

छायाचित्रांचे जतन

प्रणाली बदलण्यापूर्वी सर्व छायाचित्रांची प्रत बाह्य हार्ड डिस्कवर घेणे व त्यातील काही फाईली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहणे ही प्राथमिक दक्षता होय. जतनाचा सर्वमान्य संकेत ‘३-२-१’ या नावाने ओळखला जातो. फाईलच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी, असा त्याचा अर्थ आहे. गावात राहणाऱ्या कुटुंबास शहरातील नातेवाइकांकडे एक हार्ड डिस्क ठेवूनही तिसरी अट पूर्ण करता येते.

२००० च्या दशकातील अनेक लग्नांची छायाचित्रे सीडी व डीव्हीडीवर दिलेली आहेत. नव्या लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्ह नसतो आणि चकत्यांवरील थर कालांतराने खराब होतो. बाह्य यूएसबी ड्राइव्हच्या साहाय्याने त्यांतील फाईली हार्ड डिस्कवर उतरवता येतात. चुकून पुसलेल्या कार्डावर पुन्हा काहीही न लिहिल्यास फोटोरेकसारख्या मुक्त आज्ञावलीने फाईली परत मिळण्याची शक्यता असते.

रॉ फाईलसोबत निवडक चित्रांची जेपेग प्रत ठेवल्यास मूळ आज्ञावली बंद पडली, तरी चित्र पाहता येते. कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाच्या छायाचित्रांची कागदावर छपाई करणे हा जतनाचा सर्वांत जुना मार्ग होय. छापलेल्या चित्रास कोणतीही संचालन प्रणाली लागत नाही.

खरेदीपूर्वी पाहावयाच्या बाबी

१. कॅमेरा मुख्यतः कोणत्या कामासाठी व कोणत्या प्रकाशात वापरला जाणार आहे.
२. आवश्यक लेन्स त्या माउंटमध्ये उपलब्ध व परवडणाऱ्या आहेत का.
३. सध्याचा संगणक त्या मॉडेलच्या रॉ फाईली व त्याचे कार्ड वाचू शकतो का.
४. संगणकावरील संचालन प्रणालीचा आधार कधी संपतो.
५. एका वर्षाच्या छायाचित्रांच्या दोन प्रतींसाठी किती साठवण लागेल.
६. दुरुस्ती केंद्र व बॅटरी जवळच्या शहरात मिळतात का.

तिसऱ्या व चौथ्या बाबीचे उत्तर प्रतिकूल असल्यास कॅमेऱ्यासोबत संगणकाचाही खर्च गृहीत धरावा लागतो. अशा वेळी कमी किमतीचा कॅमेरा व उरलेल्या रकमेत साठवणीची सोय हा पर्याय अनेकदा अधिक हिताचा असतो.

हे सुद्धा पहा

नातेपुते
संत ज्ञानेश्वर पालखी सोहळा
रिंगण
शिखर शिंगणापूर
छायाचित्रण
संचालन प्रणाली
युनिकोड
देवनागरी